गाळलेलं उत्तर

जेवणाच्या सुट्टीत, पिमेंटो चीजचं सँडविच अर्धं खाऊन झालं असताना, कोर्टाची लघुलेखिका नेल्डा हॅटफील्ड हिला कळलं की आपल्या मशीनच्या पट्टीत एक उत्तर नाही. पट्टी ती सहज चाळत होती. सकाळच्या साक्षीत औषधांची चार-पाच अवघड नावं आली होती, आणि साक्षीदार गावी परतण्याआधी त्या नावांची अक्षरं विचारून घ्यायची ही तिची जुनी शिस्त. डाव्या हातात सँडविच, उजव्या हातात पेन्सिल, मांडीवर स्टेनो मशीनमधून निघालेला घड्याघड्यांचा अरुंद कागद. तिने सरकारी वकिलांचा प्रश्न वाचला: तुमच्या हातून अशी चूक कधी झाली आहे का? का तुमचं सगळं नेहमी नीटच होतं? खाली साक्षीदाराचं उत्तर: एकदा. एक घोडी होती. तिच्या डोळ्याला पाणी. आणि त्याच्या लगेच खालच्या ओळीत पुन्हा सरकारी वकीलच: ठीक आहे, आपण पुढे जाऊ. मधे काही नव्हतं. मोकळी जागासुद्धा नव्हती, कारण ह्या मशीनचा कागद बोटं चालली तरच सरकतो. बोटं थांबली की तोही थांबतो, आणि पुन्हा चालू झाली की काही झालंच नाही अशा थाटात पुढची ओळ उमटते. हा कागद कुणालाही दाखवला असता तर त्याला वाटलं असतं, साक्षीदार बाई वाक्य अर्धवट टाकून गप्प बसल्या. पण बाई गप्प बसल्या नव्हत्या. चांगली दोन-अडीच मिनिटं बोलल्या होत्या, आणि नेल्डाने ते सगळं ऐकलं होतं. तिने उरलेलं सँडविच कागदात गुंडाळून पिशवीत टाकलं.

आधी तिने मशीनवर ठपका ठेवून पाहिला. शाईची फीत तपासली, कळा दाबून पाहिल्या. मशीन बिचारं ठणठणीत होतं. म्हणजे बोटंच थांबली होती, आणि ह्या गोष्टीवर विश्वास ठेवणं तिला स्वतःच्या नावावर शंका घेण्याइतकं जड गेलं. एकतीस वर्षं ती ह्या काउंटीच्या कोर्टाची लघुलेखिका होती. एकदा वादळाचा भोंगा चालू असताना जजसाहेब टेबलाखाली उकिडवे बसून निकाल सांगत होते आणि ही शेजारी गुडघे टेकून तो उतरवत होती. नवऱ्याने घटस्फोटाचे कागद पाठवले त्या दिवशी तिने दुसऱ्याच एका जोडप्याचा घटस्फोट उतरवला, एकही शब्द न चुकवता, आणि त्या बाईला मुलाचा ताबा मिळाला म्हणून मनातल्या मनात बरंही वाटून घेतलं. बोटं मनाला विचारत नाहीत, हा तर ह्या कामाचा मुख्य गुण. शब्द कानातून आत येतो आणि बोटांतून बाहेर पडतो, मधे कुठेही टेकत नाही. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मुलींनो, तुम्हाला चेहरा नाही असं समजा. साक्षीदार बोलत असताना तुमची भुवई वर गेली, तर ज्युरी साक्षीदाराला सोडून तुमची भुवई वाचेल." नेल्डाने ते इतकं मनावर घेतलं की पुढे पुढे घरीही तिचा चेहरा हलेना. नवरा म्हणायचा, तुझ्याशी भांडण म्हणजे बंद दुकानाच्या शटरशी भांडण. त्यात थोडं तथ्य होतं, हे ती स्वतःशी कबूल करायची, शटर न उघडता.

आणि हे प्रकरण साधंसुधं नव्हतं. डेल गेंट नावाच्या माणसाला फाशीची शिक्षा होऊन एकोणीस वर्षं झाली होती. फाशी म्हणायचं इतकंच. ह्या राज्यात दोर कधीच गेला, आता सुई आहे. शिक्षा व्हावी की नाही हा वाद संपला होता. गेंटची वकील कोरा बेलिंजर एवढंच म्हणत होती की राज्य जी तीन औषधं एकापाठोपाठ एक टोचतं, त्यात माणूस आतून जागा राहून हालहाल होऊन मरू शकतो, आणि बाहेरून ते कुणालाही कळत नाही. नेल्डाला गेंटचा कळवळा नव्हता. मूळ खटला तिनेच टिपला होता. गेंटने मारलेल्या, चारा-पेंडीच्या दुकानात काम करणाऱ्या बाईचा शेवटचा अर्धा तास तिच्याच बोटांतून गेला होता, आणि त्या बाईची बहीण आजही पहिल्या बाकावर, मांडीवर स्वेटर घेऊन, रोज येऊन बसत होती. पण जजसाहेब निकाल कोणत्याही बाजूने देवोत, हरलेली बाजू वरच्या कोर्टात जाणार होती, आणि वर बसलेले तीन न्यायाधीश ना साक्षीदाराचा चेहरा बघणार होते, ना आवाज ऐकणार होते. ते फक्त नेल्डाचा कागद वाचणार होते. कागदावर जे नाही ते त्यांच्या लेखी झालेलंच नाही.

सकाळी जनावरांच्या डॉक्टर व्हर्जी टॅकेट साक्षीला उभ्या राहिल्या तेव्हा नेल्डाच्या अपेक्षा फार नव्हत्या. तज्ज्ञ साक्षीदार तिने शेकड्यांनी ऐकले होते. विद्यापीठातून विमानाने येणारे, प्रत्येक उत्तराआधी टायची गाठ चाचपणारे, आणि माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल सगळ्यांत लांब बोलणारे. ही बाई पाच तास ट्रक चालवत डोंगराकडून आली होती. सदुसष्ट वर्षांची, काटक, बूट कोर्टासाठी मुद्दाम घासलेले पण शिवणीत चिखल राहिलेला, उजव्या हाताच्या करंगळीचं पेर जन्मापासून नसावं इतक्या सहजपणे नाहीसं झालेलं. शपथ घेताना तिने हात असा वर केला की जणू गोठ्याचं दार उघडतेय. पुढचा दीड तास नेल्डा तिचा प्रत्येक शब्द उतरवत गेली आणि तिच्या मनात फार दिवसांनी काहीतरी उमलत गेलं. तिला ही बाई आवडली. नुसती आवडली नाही. आपणही असंच एखादं काम असंच करायला हवं होतं, असं वाटायला लावण्याइतकी आवडली.

"डॉक्टर, म्हाताऱ्या आजारी कुत्र्याला शेवटची झोप देताना तुम्ही काय काय करता?" कोरा बेलिंजरने विचारलं.

"सगळं सांगू की थोडक्यात?"

"सगळं सांगा."

"आधी त्याचं नाव विचारते."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. डॉक्टरांनी चष्म्यावरून तिकडे एकदा पाहिलं. "हसा खुशाल. पण नावाने हाक मारली की कुत्र्याचा कान हलतो. कान कसा हलतो ते मला आधी बघून ठेवायचं असतं, म्हणजे तो हलायचा थांबला की कळतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं, घाई न करता, पदार्थाची कृती सांगावी तसं. आधी एक साधं शांत करणारं इंजेक्शन, आणि मग थांबणं. घरच्या माणसांना आधीच सांगून ठेवणं, की डोळे उघडे राहतील, एखादा श्वास उशिरा येईल, घाबरू नका. पुढच्या पायाच्या नसेत सुई, आणि मग औषध. एकच औषध. ते आधी झोपवतं, मग श्वास थांबवतं, मग हृदय. ह्याच क्रमाने. "क्रम चुकला तर ते औषध नाही, छळ आहे," त्या म्हणाल्या. औषधाचा रंग गुलाबी असतो, कारण बनवणारे मुद्दाम तसा घालतात. ह्या बाटलीची दुसऱ्या कुठल्या बाटलीशी गल्लत होता कामा नये. औषध गेल्यावर बोटाने पापणीच्या कोपऱ्याला स्पर्श करायचा. पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिमटा काढायचा. पुन्हा नावाने हाक मारायची. मग छातीला नळी लावून दोन मिनिटं ऐकायचं, घड्याळ लावून.

"हृदय थांबल्यावरही दोन मिनिटं?"

"थांबल्यावरच. हृदय थांबलंय असं मला वाटणं आणि ते थांबलेलं असणं, ह्यांत दोन मिनिटांचं अंतर आहे."

"राज्याच्या पद्धतीत दुसरं औषध स्नायू लुळे करणारं आहे. तुम्ही ते कुत्र्यासाठी वापराल?"

"नाही. वापरलं तर माझा परवाना जाईल, आणि गेलाच पाहिजे. ते झोपवत नाही हो, फक्त हलू देत नाही. पहिलं औषध नीट लागलं नसेल तर जनावर आत जागं असतं, गुदमरत असतं. नंतर तिसरं जातं, हृदय बंद पाडणारं, त्याने नसेत आग होते. आणि बघणारा म्हणतो, किती शांत!"

"पहिलं औषध लागलंय की नाही हे तपासायला टोचणाराच शेजारी असायला हवा का?"

"मग कुठे असतो?"

"ह्या राज्यात भिंतीपलीकडच्या खोलीत. नळी भोकातून आत येते."

डॉक्टर टॅकेटनी कोर्टाच्या भिंतीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "भिंतीपलीकडून मला कान दिसणार नाही."

सरकारी वकील प्रूइट उलटतपासणीला उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर गावाकडच्या मावशीला चार गोष्टी समजावून सांगायच्या असल्यासारखं हसू होतं. "डॉक्टरबाई, मिस्टर गेंट कुत्रा नाहीत."

"नाहीत ना. म्हणून तर मला वाटलं होतं, नियम जास्त कडक असतील."

"माणसाच्या नसेत तुम्ही कधी सुई घातलीये?"

"नाही."

"माणसाला कधी भूल दिलीये?"

"नाही."

"मग त्या क्षणी कैद्याला काय वाटतं, हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"नाही. आणि गेंटने जे केलं त्याची शिक्षा काय असावी, तेही मला विचारू नका, ते माझं काम नाही. तुम्ही औषधाबद्दल विचारलंत तर औषधाबद्दल सांगीन."

एवढे "नाही" एका तज्ज्ञाच्या तोंडून नेल्डाने वर्षभरात ऐकले नव्हते. प्रत्येक "नाही"गणिक बाई तिच्या नजरेत उंच होत गेली. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न विचारू नये, हे वकिलीच्या पहिल्या वर्षात शिकवतात. पण प्रूइटना "नाही"ची चटक लागली होती. त्यांनी कोट सावरत, ज्युरी नसतानाही ज्युरीकडे बघितल्यासारखं करत विचारलं, "तुमच्या हातून अशी चूक कधी झाली आहे का? का तुमचं सगळं नेहमी नीटच होतं?" आणि बाईंनी सुरुवात केली. एकदा. एक घोडी होती. तिच्या डोळ्याला पाणी येत होतं.

त्या वाक्याला नेल्डा मनाने कोर्टात नव्हतीच. ती हिलक्रेस्ट रोडवरच्या नर्सिंग होममध्ये आईच्या खाटेशेजारी होती, सहा वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी, सकाळी साडेसातला. आईला पक्षाघाताचा झटका येऊन तीन आठवडे झाले होते. बोलणं गेलेलं, हातपाय गेलेले, तोंड किंचित उघडं. आख्ख्या आयुष्यात एक मिनिट गप्प न बसलेली आई. पावाच्या पिठापासून राष्ट्राध्यक्षापर्यंत प्रत्येकाला तोंडावर नावं ठेवणारी, पत्ते खेळताना उघड लबाडी करून वर "म्हाताऱ्या माणसाला हरवताना लाज नाही वाटत?" म्हणणारी. खोलीत उकडलेल्या मक्याचा वास येत होता, स्वयंपाकघर शेजारीच होतं. आईच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. नेल्डाने नर्सला हाक मारली. नर्स चांगली होती, दमलेली होती. "ते काही नाही हो, अशा पेशंटचा डोळा गळतोच. किती शांत आहेत बघा." नेल्डाने बघितलं. आई शांत होती. तिने पेटीतून टिश्यू काढून तो डोळा पुसला. परत पाणी आलं. परत पुसला. तिसऱ्यांदा हात पेटीकडे जाता जाता तिला मनगटावरचं घड्याळ दिसलं, नऊला ज्युरीची निवड होती, आणि तिने टिश्यूची पेटी आईच्या उशाशी सरळ करून ठेवली, जणू आई ती स्वतः घेणार होती. अकरा दिवसांनी आई गेली. अंत्यविधीला सगळे म्हणाले, शांतपणे गेली. नेल्डा म्हणाली, हो. सहा वर्षांत हा प्रसंग तिला एकदाही आठवला नव्हता. तो कुठे जाऊन बसला होता कुणास ठाऊक, आणि आज एका अनोळखी बाईच्या घोडीवर बसून भर कोर्टात येऊन उभा राहिला.

आईला आत काही कळत होतं का? कुणी सांगू शकत नव्हतं. डॉक्टर टॅकेटना विचारलं असतं तर त्याही म्हणाल्या असत्या, ठाऊक नाही. नेल्डाला त्या उत्तराचीही भीती वाटली आणि त्या उत्तराबद्दल आदरही वाटला. तिला एकदम आईचा राग आला, की एवढी तोंडाळ बाई, एक इशारा का नाही केलास? आणि लगेच त्या रागाची इतकी लाज वाटली की ती उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली कोर्टाच्या आवारात दोन पोलीस उन्हात उभे राहून कोक पीत होते. ते दोघंही पूर्ण जागे, पूर्ण हलते. एक जण काहीतरी सांगताना दोन्ही हात पसरून मासा केवढा होता ते दाखवत होता.

घड्याळात बारा चाळीस. सव्वाला कोर्ट पुन्हा बसणार. नेल्डाने पट्टी परत हातात घेतली आणि सरळ विचार करायचा प्रयत्न केला. बाई पुढे काय बोलल्या ते तिला आठवत होतं. शब्दन्शब्द आठवत होतं, असं तिला वाटलं. खुर्चीवर बसून दोन मिनिटांत ते उतरवता येईल, पट्टीचा तुकडा मधे जोडायचा, संपलं. कुणाचं नुकसान? उलट न्यायच होईल. शेवटच्या पानावर ती नेहमीसारखी सही करील की वरील मजकूर कोर्टात बोललेल्या शब्दांची खरी आणि पूर्ण प्रत आहे. आणि तो खोटाही नसेल. फक्त मग बाई नेमकं काय म्हणाल्या होत्या, "मला वाटलं धूळ असेल", की "मी म्हटलं धूळ असेल"? वाटणं वेगळं, म्हणणं वेगळं. डोळा पुसला हातरुमालाने, की टिश्यूने? टिश्यूने, असं तिने मनात लिहिलं, आणि दचकली. टिश्यू बाईंचा नव्हता. तो तिचा होता. आणखी दहा मिनिटं गेली असती तर तिने घोडीला नर्सिंग होममध्ये नेऊन निजवलं असतं.

दुसरा रस्ता होता गप्प बसण्याचा. कागदावर भोक नाही. कुणाला दिसणार नाही. प्रूइट तर आनंदाने विसरतील. पण मग वरचे तीन न्यायाधीश वाचतील की हिला चूक विचारली, हिने एक घोडी काढली आणि मधेच गप्प झाली. दीड तास एकही शब्द फुकट न बोललेली ती बाई कागदावर गोंधळलेली म्हातारी ठरेल. आणि बाहेरून शांत दिसणं म्हणजे काहीच नव्हे, ही जी एकच गोष्ट सबंध साक्षीत तिने स्वतःला उघडं करून सांगितली होती, ती नाहीशी होईल. तिसरा रस्ता सरळ होता आणि सगळ्यांत वाईट: भर कोर्टात उठून सांगायचं, माझी बोटं थांबली. प्रूइट सबंध साक्ष रद्द करा म्हणतील. जज लँडिस, जे वीस वर्षं तिच्या पट्टीवर डोळे मिटून विसंबत आले, ते तिच्याकडे वर बघतील. निवृत्तीला चौदा महिने. आणि साक्षीदाराला परत उभं केलं तर बाई दुसऱ्यांदा ते सगळं कशाला सांगतील? एकदा तोंडून गेलेली नामुष्की कागदावर नाही असं कळल्यावर कोणता शहाणा माणूस ती पुन्हा आपल्या हाताने लिहवून घेतो? नेल्डाने पेन्सिल उचलली, नावांची यादी घेतली आणि खाली गेली.

डॉक्टर टॅकेट ट्रकचं दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून, कागदी पिशवीतून उकडलेल्या शेंगा खात बसल्या होत्या. टरफलं त्या परत त्याच पिशवीत टाकत होत्या. "या बाई. नावं ना? विचारा, मला गाय व्यायलीये की नाही बघायला पोचायचंय."

त्यांनी एकेक औषधाचं नाव अक्षर-अक्षर सांगितलं. नेल्डाने लिहून घेतलं. शेवटचं नाव झालं. "झालं? आणखी काही?"

"नाही," नेल्डा म्हणाली.

डॉक्टरांनी पाय आत घेतले, दार ओढलं. इंजिन खोकत सुरू झालं. नेल्डा चार पावलं कोर्टाकडे चालली असेल. मग वळली, आणि अठ्ठावन्न वर्षांची, टाचांचे बूट घातलेली, कधी कुणाच्या मागे न धावलेली बाई ट्रकच्या बाजूने धावली आणि तळहाताने दारावर थापा मारायला लागली.

"जाऊ नका! थांबा!"

काच खाली आली. "काय झालं बाई?"

"मला आत्ता सांगता येणार नाही. जजसाहेबांना आधी सांगावं लागेल. पण जाऊ नका."

डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "गाईला काय, तिला जमतं तिचं तिचं," त्या म्हणाल्या, आणि उरलेल्या शेंगांची पिशवी नेल्डाच्या हातात दिली. "खा दोन. तुमचं तोंड पांढरं पडलंय."

सव्वाला जज लँडिस येऊन बसले. नेल्डा मशीनसमोर बसली नाही, उभीच राहिली. "जजसाहेब, सकाळच्या रेकॉर्डमध्ये एक उत्तर आलेलं नाही. मशीन ठीक आहे. मी थांबले होते."

जजसाहेबांनी चष्मा काढला. ते रागावले नाहीत, आणि नेल्डाला ते जास्त लागलं. "तुम्ही थांबला होता? मिसेस हॅटफील्ड, तुम्ही?"

"हो, जजसाहेब. मीच."

पहिल्या बाकावरची ती बहीण मान वर करून बघायला लागली. कुठला प्रश्न, ते नेल्डाने वाचून दाखवलं. प्रूइट तीरासारखे उठले. "जजसाहेब, अगदी किरकोळ गोष्ट आहे. मी माझा प्रश्नच मागे घेतो. प्रश्न नाही तर उत्तर नाही. मिसेस हॅटफील्डना त्रास नको, बाईंना उशीर नको." हे बोलताना त्यांचा आवाज मऊसूत होता.

"मग तोच प्रश्न मी विचारते," कोरा बेलिंजर उभी राहत म्हणाली. "मला तर अजून फेरतपासणीचा हक्क आहे."

"साक्षीदाराला पुन्हा उत्तर द्यायला लावणं योग्य नाही," प्रूइट म्हणाले. "सकाळी त्या काय म्हणाल्या ते त्यांना तरी आठवतंय का?"

जजसाहेबांनी दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टर टॅकेटकडे पाहिलं. "डॉक्टर, तुमची सक्ती नाही. प्रश्न मागे घेतला गेलाय. तुमची इच्छा असेल तर आत्ता घरी जाऊ शकता."

नेल्डाने जमिनीकडे पाहिलं. बूट फरशीवर वाजत जवळ आले. साक्षीदाराच्या खुर्चीचं लाकूड करकरलं. "चाळीस वर्षं आठवतंय, जजसाहेब," डॉक्टर म्हणाल्या, "ते जेवणाच्या सुट्टीत विसरेन होय? विचार गं पोरी."

नेल्डा बसली. बोटं कळांवर ठेवली. बाई बोलायला लागल्या, सकाळपेक्षा हळू, आणि कुठेही मऊ न करता. सकाळी नव्हतं तेही त्यांनी आता घातलं, साल, पेटीत कुठलं औषध उरलं होतं ते, आणि ज्या बंदुकीने काम एका क्षणात झालं असतं ती मालकाच्या हातातली बंदूक त्यांनीच बाजूला ठेवायला लावली होती, हेही. नेल्डाची बोटं चालत होती. एकदा डोळे भरून समोरचं सगळं पुसट झालं, पण ह्या कामाला डोळे लागत नाहीत. डेल गेंट टेबलावरच्या आपल्याच हातांकडे बघत होता.

उत्तर संपल्यावर जज लँडिस म्हणाले, "ह्या वेळी खात्री करून घेऊ. मिसेस हॅटफील्ड, वाचा."

नेल्डा पट्टी हातात घेऊन उभी राहिली. परत वाचायची एक रीत आहे: वाण्याची यादी वाचावी तसं वाचायचं, कुठे जोर नाही, कुठे थांबणं नाही, आणि साक्षीदाराचं "मी" ते "मी"च वाचायचं. एकतीस वर्षांत ती कितीजणांचं "मी" झाली होती. पोलिसांचं, डॉक्टरांचं, स्वतः गेंटचंसुद्धा. तिने वाचायला सुरुवात केली. "उत्तर. एकदा. एकोणीसशे सदुसष्ट साल. मी नवीन होते. एक तांबडी घोडी होती, पाय मोडलेला. झोपेचं औषध माझ्याकडे संपलं होतं. पेटीत लुळं करणारं होतं, तेव्हा घोडे आडवे पाडायला ते सर्रास वापरत. मालक गोळी घालायला निघाला होता. मी म्हटलं, नको, मी सुईने करते. मी ते जास्त दिलं. घोडी बसली, आडवी झाली, हलली नाही. मालक म्हणाला, किती शांत गेली. तिच्या डोळ्याला पाणी येत होतं. मी ते बघितलं. मी म्हटलं, धूळ असेल. मी रुमालाने तो डोळा पुसला आणि माझ्या कामाला निघून गेले."

इथे आवाज थांबला. कोर्टाला वाटलं, ओळ चुकली.

"सापडत नाहीये का, मिसेस हॅटफील्ड?"

"सापडलं, जजसाहेब." तिने पट्टी दोन्ही हातांनी धरली. "दुसऱ्या दिवशी मालकाच्या बायकोने पीच घातलेला केक पाठवला. मी तो खाल्ला. नंतर कधीतरी मी शिकले की भूल लागलेल्या घोड्याचा डोळा कोरडा असतो. पाणी आलं म्हणजे घोडा जागा आहे. मी बघितलं नाही, असं मला म्हणता येत नाही. ती जागी होती. मी शेजारी होते."

जजसाहेब डॉक्टर टॅकेटकडे वळले. "हे बरोबर आहे?"

डॉक्टर जजसाहेबांकडे बघत नव्हत्या. त्या नेल्डाकडे बघत होत्या. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "एकही शब्द गाळला नाही तिने."

नेल्डा खाली बसली आणि तेही तिने उतरवलं.